ह्यांचं शेवेचं यंत्र

११ ऑक्टोबर १९५३, रविवार

आलं! यंत्र आलं! आणि एक नाही, तीन! पांडुरंग मिस्त्रीने परदेशीपुऱ्यातून टांग्यात घालून आणली. ह्यांनी गोणपाट सोडलं ते इतकं हळू, जसं काही आत तान्हं मूल झोपलंय.

पितळेचं उभं भांडं, आतून कल्हई. खाली भोकांची चकती, वर आटे पाडलेला दांडा, दांड्याला आडवी मूठ. मूठ फिरवायची, आतली थाळी खाली उतरते आणि चकतीतून शेव बाहेर! सोऱ्यावर सगळं अंग टाकून दाबायला नको. दर दिवाळीला सासूबाईंचे खांदे धरतात, चार दिवस पाणी शेंदता येत नाही – तिथूनच तर हे सुरू झालं. ऑफिसात दिवसभर सरकारी पुलांचे नकाशे काढायचे आणि रविवारी घरी शेवेच्या यंत्राचे. दोन वर्षं!

बाहेरच्या खोलीत चौरंगावर प्रयोग झाला. तेल नाही, कढई नाही, कणकेचा गोळा घातला. "सुमन, बघ, बघ! एका हाताने!" – आणि वर्तमानपत्रावर लांबच लांब शेव. मी टाळ्याच वाजवल्या. मिस्त्री म्हणाला, "भाभीजी, साहेबांचं डोकं म्हणजे डोकं आहे!" सासूबाई दारात उभ्या होत्या. "छान झालंय हो कांता," म्हणाल्या आणि भाजी करपते म्हणून आत गेल्या.

ह्यांचा चेहरा काय फुलला होता!

१२ ऑक्टोबर

आज कळलं, एवढी घाई का. ह्यांची बदली होणार. ग्वाल्हेर. मे महिन्यात. आपलं सरकार वर्षातून काही महिने ग्वाल्हेरला, काही महिने इथे इंदूरला – ह्यांचं खातं इतके दिवस वाचलं होतं, आता तेही तिकडे जाणार, कायमचं.

"यंत्र चाललं तर राजीनामाच देतो," हे म्हणाले. "कारखाना काढू. छोटासा."

सासूबाईंना अजून सांगितलं नाही.  माझं माहेर इथे, शाळा इथे झाली, परदेशीपुरा ते सराफा सगळं पायाखालचं. ग्वाल्हेरला माझं कोण आहे?

म्हणजे आता सगळं शेवेवर!

१५ ऑक्टोबर

मला काम मिळालं. हे म्हणाले, "चालतं का ते मी सांगून काय उपयोग? बायकांनी सांगायला पाहिजे. आणि मी काही कुणाच्या स्वयंपाकघरात शिरू शकत नाही. तू जा. यंत्र दे, दिवाळी होऊ दे, मग विचार."

एक घरी ठेवलं. एक शेजारच्या अंबिकाकाकू शितोळ्यांना. त्यांचे प्रतापराव संस्थानच्या घोडदळात होते. आता घोडे गेले, मिशा राहिल्या. काकूंचा आवाज अजून घोडदळातलाच. तिसरं इंदिराला, परदेशीपुऱ्यात. माझी शाळेतली मैत्रीण, नवरा मिलमध्ये. यंत्र बघून म्हणते, "यार सुमन, हे तर तोफ आहे! कुणावर डागायची?"

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तिन्ही घरी विचारून आले.

अंबिकाकाकू – "फस्क्लास! एकदम फस्क्लास!"

इंदिरा – "जीजाजींना सांग, मान गए."

सासूबाई – "चांगलं आहे हो. कांताने केलंय म्हटल्यावर."

हे मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. "काकू नक्की काय म्हणाल्या? फस्क्लास एकदा म्हणाल्या की दोनदा?" उद्याच पांडुरंगला सांगतो म्हणाले, पन्नास नग ओतायची तयारी ठेव.

जेवताना शेव वाढली; ह्या वेळी ती सासूबाईंनी मी माहेरी गेले असतानाच करून ठेवली होती. अंबिकाकाकूंकडूनही फराळाचं ताट आलंय, त्यातलीही. खाल्ली. मग जरा बारकाईने बघितली. यंत्राच्या चकतीची भोकं गोल आहेत. ही शेव तर, घरची काय नि काकूंची काय, चांदणीच्या आकाराची! सासूबाईंच्या जुन्या सोऱ्याची असते तशी.

दोन्हींतली एकेक शेव कागदात बांधून ठेवली. 

१२ नोव्हेंबर

आज सासूबाई कीर्तनाला गेल्या, हे ऑफिसात. मी दार लोटून घेतलं आणि कढई चढवली.

अरे देवा!

एका हातात यंत्र धरलं, दुसऱ्या हाताने मूठ फिरवली – तर मूठ फिरेना, सगळं यंत्रच फिरायला लागलं! जोरात आवळून धरलं तर हाताखाली उकळतं तेल आणि वर वाफ. बरं, शेव सुटली, तर ती गोल फिरवून घालायची कशी? दोन्ही हात गुंतलेले. सगळी एकाच जागी पडली, कावळ्याच्या घरट्यासारखी. बाहेरून काळी, आतून कच्ची. मनगट पोळलं ते वेगळंच. ह्या यंत्राला तीन हातांची बाई पाहिजे. चार असतील तर उत्तम!

चौरंगावर सगळं जमलं होतं, कारण तिथे कढईच नव्हती.

म्हणजे सगळ्याजणी खोटं बोलल्या. आणि मी ते खोटं घरी आणून ह्यांना पेढ्यासारखं भरवलं.

१४ नोव्हेंबर

इंदिराकडे गेले आणि मनगटच पुढे केलं. "हे बघ. आता खरं सांग."

ती आधी ओशाळली, मग जी हसत सुटली! "एकदा केली गं! यंत्र धरायला नवऱ्याला उभा केला. वाफ लागली तसा त्याने हातच सोडला, यंत्र कढईत, तेल चुलीत! सासू म्हणाली, घर जाळता का रे. मग आपला जुना झारा काढला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कित्ती हौसेने आली होतीस. कसं सांगणार?"

बरोबर आहे. मी विचारलंच असं होतं – "छान आहे ना?" त्याला दुसरं उत्तर कोण देईल?

निघताना म्हटलं, आण ते यंत्र, परत नेते. तर म्हणाली, "राहू दे ना थोडे दिवस." कशाला? तर "असंच." अंबिकाकाकूंकडे गेले, तिथेही तेच. "असू दे गं पोरी. जागा थोडीच खातंय?"

मला वाटलं, संकोच. असेल.

१५ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं ह्यांना. मनगट दाखवलं, कढई, घरटं, सगळं. पन्नास नग ओतू नका म्हटलं.

हे उठले. मग मलमाची डबी घेऊन आले आणि माझ्या मनगटाला लावत बसले. "तीन दिवस झाले? आणि तू बांगड्यांखाली लपवलंस?" – बस्, एवढंच. यंत्राबद्दल अक्षर नाही.

संध्याकाळी बघते तर नवा कागद ताणून बसलेत. मला हसूच आलं.

२० डिसेंबर

दुसरा प्रयोग. कढईवर ठेवायची लोखंडी तिकाटी केली, तिच्यात यंत्र अडकवायचं, म्हणजे धरायला नको. ह्या वेळी मी कुणाला "छान आहे ना" विचारलं नाही. काकूंना आणि इंदिराला आमच्याच स्वयंपाकघरात बोलावलं, कढई समोर ठेवली आणि गप्प बसले. बोलू नये म्हणून तोंडात सुपारी धरली.

काकूंनी तिकाटीकडे पाहिलं. "अगं बाई, कढईवर घोडा चढवलास की काय?" मूठ फिरवली. घोडा उधळला! तिकाटी कलंडली, कढई हलली, आम्ही तिघी किंचाळत मागे. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. मग हसून हसून पुरेवाट.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. लेकाकडे बघत होत्या. हे बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होते.

२१ डिसेंबर

"ग्वाल्हेरचं हवामान चांगलं आहे म्हणतात," हे म्हणाले. आणि नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला.

सासूबाईंनाही आज बदलीचं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. "बघू," म्हणाल्या.

१४ जानेवारी १९५४

संक्रांत. गुळाच्या पोळ्या. घरात गोड आणि सगळे गोडच बोलतात, पण ह्यांचं चित्त नाही. रविवार आला की खोलीतून नुसत्या येरझाऱ्या.

२४ जानेवारी

आज एक भलतीच गंमत!

हे म्हणाले, ती यंत्रं तरी परत आण, पितळ मोडीत घालू. मी अंबिकाकाकूंकडे गेले. काकू घरी नव्हत्या, प्रतापरावांनी फडताळातून काढून दिलं. घरी आणून मोरीत ठेवलं, घासायला राख आणायला वळले, परत येते तो – मुंग्या! यंत्रावर रांगच्या रांग. चकतीच्या भोकांतून आत, बाहेर, जसा काही आतमध्ये बाजार भरलाय.

शेवेच्या यंत्राला मुंग्या? तिखट-मिठाला?

नाकाशी नेलं. जायफळ! वेलदोडा! बोटाने आत खरवडलं, पिवळं निघालं, चाटून पाहिलं.

पुरण!!

२५ जानेवारी

कट उघडा पडला! आणि पुढारी कोण? आमच्या सासूबाई!

सकाळी यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं, म्हटलं, "आई, ह्यात पुरण कुणी घातलं?" आधी म्हणे मला काय ठाऊक. मग पदराने तोंड पुसलं. मग पोळपाट उगीच इकडचा तिकडे केला. आणि मग एकदम हसल्या. मी त्यांना इतकं हसताना मामंजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी कुळधर्म होता. मी तेव्हा माहेरी गेलेले. डाळ शिजवून, गूळ घालून पुरण तयार, आणि पाट्यावर वाटायला हात उचलेना. "म्हटलं बघावं. गरमागरम पुरण भरलं, परातीवर धरलं, मूठ फिरवली – लोण्यासारखं उतरलं गं! एक डाळ अख्खी राहील तर शपथ! खाली कढई नाही, तेल नाही, भीती कशाची? दोन्ही हात गुंतले तर गुंतले."

मग काकूंना सांगितलं. काकूंनी करून पाहिलं. मग इंदिराच्या सासूला – त्या दोघी एकाच कीर्तनाच्या. आता म्हणे गल्लीत कुणाकडे पुरण असलं की काकूंचं यंत्र जातं आणि परदेशीपुऱ्यात इंदिराचं. आमचंही माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बाहेर जाऊन आलं, मला वाटलं कल्हईला!

"मग सांगितलं का नाहीत?"

तेव्हा त्यांचं हसू गेलं. "कांता दोन वर्षं शेवेसाठी खपला. माझ्या खांद्यांसाठी. त्याला काय सांगू, तुझी शेव होत नाही, पुरण होतं? सगळ्यांना गळ्याची शपथ घातलीय मी. तूही बोलू नकोस."

मी कबूल केलं. आणि आता पोटात मावत नाही!

३ फेब्रुवारी

अजून बोलले नाही. पण हे माळ्याकडे बघतात आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. सासूबाईंना म्हटलं, "आई, शपथ मोडते. पाप मला."

त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. वाढ."

७ फेब्रुवारी, रविवार

पुरणपोळ्या केल्या. काही सण नाही, काही नाही. सासूबाईंनी पुरण यंत्रातून काढलं, पोळ्या मी लाटल्या. इतकं मऊ पुरण की लाटण्याखाली पोळी आपोआप पसरते, कुठे फुटत नाही. कटाची आमटी, साजूक तूप.

हे एकावर एक खात होते. "आई, आज पुरण कसलं झालंय! पाट्यावर एवढं वाटलंस? खांदा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि यंत्र आणून ताटासमोर ठेवलं. चकती अजून पिवळी होती.

ह्यांनी यंत्राकडे पाहिलं. पोळीकडे पाहिलं. पुन्हा यंत्राकडे.

"माझ्या यंत्रात... गूळ?"

हात धुतला आणि बाहेर निघून गेले.

९ फेब्रुवारी

बोलत नाहीत. सासूबाई माझ्यावर रागावल्यात, स्वतःवरही. आज मला म्हणाल्या, "मी आधीच सांगायला हवं होतं. गोड बोलून पोराला फसवलं."

१० फेब्रुवारी

ऑफिसातून आले, टोपी खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "पुरण निवल्यावर अडकतं का?"

मी म्हटलं, "अडकतं."

"तरीच. भोकं बारीक आहेत." आणि माळ्यावर चढले!!

सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी मोरीत जाऊन नाचून घेतलं. कुणी पाहिलं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज हे स्वतः स्वयंपाकघरात! म्हणजे उंबऱ्याबाहेर पाट टाकून. सासूबाई सोवळ्यात, त्यामुळे आत यायची बंदी. मी ह्यांना आधीच बजावलं होतं – बोलायचं नाही, शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. एक सुपारी दिली.

सासूबाईंनी डाळ-गूळ आटवला, यंत्रात भरला. खाली बसून परातीवर धरलं. मूठ फिरवली की दर वेळी गुडघ्याला लागते, म्हणून त्या जरा तिरक्या बसतात. हे पुढे सरकले, काहीतरी बोलणार होते – मी डोळे वटारले. मग चकती उघडायला सांडशी. "दर वेळी सांडशी लागते?" सुपारी पडलीच तोंडातून! आणि आट्यांना ह्यांनी लावलेलं ग्रीस – ते सासूबाई पहिल्यापासून चिंचेने घासून काढतात आणि तूप लावतात. "नैवेद्याच्या पुरणाला मोटारीचं तेल?" ह्यांनी डोक्यावर हात मारून घेतला.

मग यंत्र हलतं म्हणून त्यांनी काय केलं – मला म्हणाल्या, धर गं. हे पुटपुटले, "म्हणजे अजून एक माणूस लागतंच."

अशी एक तासभर बैठक. शेवटी हे म्हणाले, "आई, मी दोन वर्षं नकाशे काढले. एकदा इथे बसलो असतो तर?"

"तेव्हा मी तुला बसू दिलं असतं होय?" सासूबाई म्हणाल्या.

१ मार्च

नवीन नमुना आला. मूठ आखूड आणि वर. भांडं बुटकं, तोंड रुंद. चकतीला कान, हाताने फिरवून निघते. ग्रीस नाही. आणि हलू नये म्हणून खाली लोखंडी पट्टी पुढे काढलीय, तिच्यावर पाय ठेवून दाबायचं. पांडुरंग मिस्त्री खूश, साहेबांना आता भिया, म्हणजे भैया, म्हणतो – "भिया, आता भूकंप झाला तरी हलणार नाही!"

७ मार्च, रविवार

सगळं उत्तम चाललं होतं. काकूंनी पुरण भरलं. मी म्हटलं, "आता त्या पट्टीवर पाय द्या." काकूंनी पाय उचलला. आणि तसाच अधांतरी ठेवला.

"पाय? नैवेद्याला? अन्नाला पाय लावू?"

पाय खाली आला. यंत्र बाजूला सरकवलं. त्यांच्या घोडदळाच्या आवाजात बाहेर बसलेल्या ह्यांना म्हणाल्या, "कांता, हे फस्क्लास नाही!"

आणि हे – हे काय खूश झाले! "काकू, तुम्ही पहिल्यांदा खरं बोललात!" इंदिरा तर हसून लोळायचीच बाकी.

पण करायचं काय? सगळ्या विचारात. मी विळीवर कोथिंबीर चिरत होते. चिरता चिरता खाली पाहिलं. विळीच्या पाटावर माझा गुडघा. रोजच असतो. त्याला कोण पाय लावला म्हणतं?

"अहो," मी ओरडलेच, "विळीसारखं करा! लाकडी पाट. पुढच्या टोकाला यंत्र, मागे बाई बसेल. बाईच्या वजनानेच धरलं जाईल. पाय कशाला?"

इंदिरा वाकून माझ्या विळीकडे बघायला लागली. मग काकू, "आणि माझं वजन काही कमी नाही!"

ह्यांनी तिथेच, परातीतल्या पिठावर बोटाने आकृती काढली. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही.

१२ मार्च

चाललं! विळीसारखं पाटावर बसायचं, पुढे यंत्र, परात खाली. सासूबाईंनी एकटीने सगळं पुरण काढलं. धरायला कुणी नाही, गुडघ्याला मूठ नाही, सांडशी नाही. शेवटी खांदा फिरवून पाहिला. दुखत नव्हता. पुन्हा फिरवून पाहिला, उगीचच!

१९ मार्च

आज होळी. पांडुरंगने रोज ओतकाम केलं, सुताराने पाट केले, आणि जितकी झाली तितकी सगळी गेली! काकूंनी एकट्यांनी अख्खी शितोळे मंडळी आणि त्यांचे सोयरे गाठले. इंदिराने मिलच्या चाळीत तीन घरांत मिळून एक, अशी वाटणी लावून दिली – हे तिचंच डोकं. आज दारात एक अनोळखी बाई, "ते बसून पुरण करायचं मशीन इथेच मिळतं का?" संपली म्हटलं तर हटेना. सासूबाईंनी घरचंच देऊन टाकलं!

मग होळीचं आमचं पुरण? पाट्यावर! मी वाटलं. हात मोडले, पण काय मजा आली.

२४ मार्च

रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आलो. राजवाड्यापासून नुसता गुलाल. हे डोक्यापासून पायापर्यंत हिरवे आणि पांडुरंग मिस्त्री जांभळा, दोघे गळ्यात गळे घालून. "मालक, पाडव्याला किती काढायची?" – ह्यांना मालक म्हणतो आता!

हे हसले. पण मालक म्हटल्यावर जरा दचकले, असं मला वाटलं.

४ एप्रिल, रविवार

पाडवा. गुढी उभारली. दुपारी ह्यांनी मला जवळ बसवलं.

"सुमन, मला पूल काढायला आवडतं," म्हणाले. "यंत्र झालं, माझा आनंद झाला. आता पांडुरंगच्या मागे लागायचं, सुताराशी भांडायचं, बायका काय म्हणतात ऐकायचं, त्यावर पुन्हा दुरुस्ती – हे माझ्याने रोज होणार नाही. मला ते जमतही नाही. तुला जमतं."

"म्हणजे?"

"राजीनामा देत नाही. ग्वाल्हेरला जातो."

राग नाही आला. खरं बोलले, आणि खरं ऐकायची आता मला सवय झालीय. पण ग्वाल्हेर म्हणजे सगळेच जाणार. नवऱ्याला परगावी कोण एकटं ठेवतं? डबा कोण देईल? मग इथे पांडुरंगला कोण विचारणार, आणि त्या चाळीतल्या बायकांना? दोन महिन्यांत सगळं थंड होईल.

गुढी उतरवताना डोळे भरून आले. साखरेची माळ काढून तशीच हातात घेऊन उभी राहिले.

६ एप्रिल

इंदिरा आली होती. तिच्या चाळीतल्या एकीने पुरणाच्या चकतीतून उकडलेले बटाटे काढले म्हणे, उपासाच्या थालीपिठासाठी. एकदम मऊ. मी लगेच विचारलं, "कुठे अडकले? डोळे नीट काढले होते का? चकतीची भोकं पुरली?" – आणि मग आठवलं, आता कशाला विचारतेय. इंदिरापण निघायला उठली.

७ एप्रिल

आज सासूबाईंनी आपली वळकटी उन्हात घातली, पितळी तांब्या घासला आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"कांताबरोबर ग्वाल्हेरला मी जाते. त्याला काय लागतं ते मला ठाऊक आहे, तुझ्याआधीपासून. तू इथेच राहा. तुझे आईवडील हाकेच्या अंतरावर आहेत, अंबिका शेजारी आहे. लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोड. वर्षभर कारखाना चालवून दाखव."

 हसू की रडू! त्या आत वळल्या, पुन्हा थांबल्या.

"आणि निघायच्या आत मला सहा यंत्रं बांधून दे. ग्वाल्हेरच्या बायकांनी काय जन्मभर पाट्यावरच वाटायचं?"